मागल्या परड्यातली टाकी

पहाटे चार-साडेचारला आई आणि काकी एकमेकींना हलक्या आवाजात हाक मारायच्या, कंदिलाची वात बारीक करायच्या आणि मागल्या दाराने बाहेर पडायच्या. परड्याच्या टोकाला गडगा, गडग्यापलीकडे काजी, काजींपलीकडे सड्यावर जाणारी वाट. हातात टमरेल. पुरुष उजाडल्यावर व्हाळाकडे जायचे, त्यांना वेळेचं बंधन नव्हतं. बायकांना दोनच वेळा होत्या, उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर. मधे पोटात कळ आली तर दाबून धरायची. आम्ही मुली सात-आठ वर्षांच्या झालो की त्या रांगेत सामील व्हायचो. पुढे कंदील घेतलेली आई, मधे आम्ही, मागे काकी. पायाखाली फुरसं येऊ नये म्हणून काकी काठी आपटत चालायची. त्या काठीचा आवाज आम्हा बहिणींना अजून झोपेत ऐकू येतो.

आमचं गाव कणकवलीपासून आठ-नऊ मैलांवर. तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. आम्ही सख्खी-चुलत मिळून अकरा भावंडं त्या एका घरात वाढलो. आज आमच्यातला धाकटा पन्नाशीचा आहे, मी थोरली, साठी ओलांडलेली. चतुर्थीला सगळी घरी जमतो तेव्हा रात्री पडवीत गप्पा निघतात. दशावतार निघतो, फणसाच्या पाटल्या निघतात, आजीचे धोंडस निघतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "भाऊंची टाकी आठवते?" मग तास-दीड तास दुसरा विषय निघत नाही. घरातल्या सुना-जावयांना पहिल्यांदा नवल वाटतं की ही माणसं संडासाच्या टाकीबद्दल इतक्या मायेने कशी बोलतात. त्यांनी ती पहाटेची रांग पाहिलेली नाही.

शहरात सोय होती असं गावात म्हणत. मामाकडे होती ती सोय मी पाहिली आहे. टोपलीचा संडास. दोन पायऱ्या चढून वर जायचं, खाली लोखंडी टोपली. घरांच्या पाठीमागून एक बोळ जायची, तिथून फळी उचलून टोपली ओढून काढायची आणि मैला डोक्यावरच्या पाटीत ओतून न्यायचा. हे काम एक बाई करायची. आम्हाला शिकवलेलं होतं की मागे फळी वाजली तर खोकायचं. इतकाच तिचा आमचा संबंध. पावसात त्या पाटीतून पाणी तिच्या तोंडावर ओघळायचं, ते मी एकदा बोळीच्या तोंडाशी उभी राहून पाहिलं. तिचं नाव काय हे मी मामीला विचारलं नाही, मामीनेही कधी सांगितलं नाही. ही प्रथा कायद्याने बंद केली ती १९९३ साली, म्हणजे मी दोन मुलांची आई झाल्यावर.

आमच्याकडे टाकी आली काकीमुळे. १९७५ च्या श्रावणात ती सात महिन्यांची गरोदर होती. पहाटे पाऊस कोसळत होता, गडग्याच्या उतरणीला शेवाळ धरलेलं. काकी घसरली आणि कमरेवर पडली. तिला डोलीतून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून पुढे यष्टीने दवाखान्यात. काकी वाचली आणि मूलही वाचलं. तोच आमचा धाकटा. पण दवाखान्यातून परत आल्यावर भाऊ, म्हणजे माझे वडील, पडवीत बसून म्हणाले, "या घरातली बाई आता अंधारात बाहेर जाणार नाही." भाऊ शाळामास्तर. आवाज चढवून बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं.

आजीने मात्र विरोध केला. "जेवतो त्या घराच्या मागल्या दारात संडास? माका जमाचा नाय." तिच्या दृष्टीने घाण ही घरापासून जितकी लांब तितकं घर शुद्ध. भाऊंनी तिच्याशी वाद घातला नाही. त्यांनी तिला अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगितली. अप्पांनी १९४८ साली कणकवलीला गडनदीच्या काठी गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्यापासून सोनखत करण्याचे संडास तिथे करून दाखवले. तरुणपणी भाऊ तिथे अनेकदा गेले होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पांनी सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं आणि त्यांच्या पाठीशी उभं राहण्यासाठी गांधीजींनी येरवड्यात अन्न सोडलं होतं. उच्च जातीत जन्मलेला, शिकलेला माणूस हे काम हक्क म्हणून मागतो, ही गोष्ट आजीला पटली असं नाही. पण अप्पांना तिने पाहिलेलं होतं, पंचा नेसलेले, चालत गावोगाव फिरणारे. ती एवढंच म्हणाली, "त्या माणसान केला तर वायट नसतला."

मग सुरू झाली सिमेंटची वणवण. तेव्हा सिमेंट नियंत्रणात होतं, दुकानात जाऊन पोतं घेता येत नसे. तालुक्याला अर्ज करायचा, परमिट मिळवायचं, मग मिळतील तितकी पोती. भाऊंना आठ मिळाली. त्यातली दोन वाटेत पावसाने घट्ट झाली. उरलेल्या सहा पोत्यांत टाकीचा तळ, आतला गिलावा आणि झाकणाची लादी बसवायची होती. भिंती अर्थात चिऱ्याच्या. आमच्याकडे चिरा खाणीतून निघतो तसा मऊ असतो आणि वाऱ्यावर घट्ट होतो, पण तो छिद्रांचा दगड आहे, पाणी झिरपू देतो. म्हणून भाऊंचा हट्ट होता की आतला गिलावा दोन हात झाला पाहिजे आणि वर नुसत्या सिमेंटचा घोटा मारला पाहिजे. गवंड्याला ते पटत नव्हतं. "संडासाची टाकी ती, ताका कोण बघणार?" भाऊ म्हणाले, "विहीर बघणार."

विहिरीचाच खरा प्रश्न होता. मागल्या अंगणात घराला लागून खड्डा मारला तर पाइप कमी लागला असता, पण तिथून विहीर पंचवीस फुटांवर. भाऊंनी सुंभ आणलं, एक टोक विहिरीच्या काठड्याला बांधलं आणि आम्हा मुलांना दुसरं टोक घेऊन उतरणीच्या बाजूला चालायला सांगितलं. साठ फूट भरले तिथे त्यांनी खुंटी मारली. विहिरीच्या वरच्या अंगाला टाकी नको, खालच्या अंगाला हवी, आणि शोषखड्डा त्याहून पलीकडे. त्या वेळी गावात ज्यांनी घाईत टाक्या बांधल्या त्यांतल्या काहींच्या विहिरीचं पाणी पुढे पिण्यालायक राहिलं नाही. चिऱ्याच्या जमिनीतून घाण किती लांब चालत जाते हे दिसत नाही आणि ज्या घरात कळतं त्या घरात ते आजारपणातूनच कळतं. ती साठ फुटांची दोरी हे भाऊंनी आमच्यासाठी केलेलं सगळ्यांत मोठं काम आहे, असं मी आज पूर्ण विचाराने म्हणते. आमच्या विहिरीचं पाणी आजही पितो.

१९७६ च्या होळीनंतर टाकी पुरी झाली. दहा फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट खोल. मधे भिंत घालून दोन कप्पे, पहिला मोठा, दुसरा त्याच्या निम्मा. पहिल्या कप्प्यात पाइप शिरतो तिथे खाली वळवलेला टी, म्हणजे वरून येणारं पाणी वरची साय मोडत नाही. मधल्या भिंतीला भोकं मध्यावर ठेवलेली, तळाशी नाहीत आणि वरही नाहीत. हवेचा पाइप माडाच्या निम्म्या उंचीपर्यंत नेलेला, तोंडाला डासांसाठी जाळी. शेवटच्या दिवशी झाकणाच्या ओल्या सिमेंटवर भाऊंनी खिळ्याने तारीख कोरली, आणि आम्हा सगळ्यांना बोलावून टाकीत काय होणार ते सांगितलं.

ते त्यांनी दह्यावरून सांगितलं. जड ते तळाला बसतं, तो गाळ. तेलकट, हलकं ते वर येतं, ती साय. मधे राहतं ते पाणी, आणि तेवढंच पुढच्या कप्प्यात जायचं असतं, तिथून शोषखड्ड्यात. गाळाला खाणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना हवा लागत नाही, पण वेळ लागतो. "दूध विरजायला रात्र लागते ना? याला महिने लागतात. त्याला ढवळायचं नाही, त्यात विष घालायचं नाही." आणि मग त्यांनी काकांकडून बादलीभर शेणकाला कालवून घेतला आणि विरजण म्हणून टाकीत सोडला. गुरांच्या शेणात ते जीव असतात, त्यामुळे नवी टाकी लवकर चालू होते. आजी लांबून बघत होती. शेण आणि विरजण हे दोन शब्द ऐकल्यावर तिचा चेहरा निवळला. टाकी तिच्या ओळखीच्या जगात आली.

पहिल्या आठवड्यात काकी दुपारी बारा वाजता संडासला गेली आणि बाहेर येऊन उंबऱ्यावर बसून रडली. कारण कुणी विचारलं नाही. सगळ्या बायकांना कळलं होतं.

घरात मग टाकीचे नियम आले. संडासात फिनेल नाही, ॲसिड नाही. ब्लीचिंग पावडर विहिरीसाठी, टाकीत ती जाता कामा नये. भांडं घासायला राख आणि नारळाची शेंडी. न्हाणीचं पाणी टाकीत न्यायचं नाही, ते केळींना. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणीही नाही. कापड, केस, कागद काही टाकायचं नाही. मुलींच्या पाळीच्या कपड्यांचं काय, हे भाऊ स्वतः बोलले नाहीत, पण आईकडून त्यांनी निरोप दिला आणि परड्यात त्यासाठी वेगळा खड्डा करून दिला. त्या काळातल्या पुरुषाने एवढं बघितलं याची आम्हा बहिणींना आज जास्त किंमत वाटते. मुंबईहून येणाऱ्या काकू पिशवीत ॲसिडची बाटली घेऊन यायच्या, भांडं पांढरंशुभ्र दिसावं म्हणून. भाऊ ती बाटली हसून काढून घेत आणि जाताना परत देत.

दर वर्षी शिमगा झाला की टाकी मोजायची. लांब बांबूच्या टोकाला जुन्या धोतराचा पांढरा तुकडा गुंडाळायचा, झाकण उघडून जरा वेळ बाजूला उभं राहायचं, मग बांबू सावकाश तळापर्यंत सोडायचा, थोडा वेळ धरायचा आणि सावकाश वर काढायचा. कापडावर गाळाची काळी रेघ उमटते. ती रेघ एकूण पाण्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याला पोचली की उपसायची वेळ झाली. आमच्याकडे ते साधारण तीन वर्षांनी होई. भाऊ ती तारीख कालनिर्णयवर लिहीत. वर्ष संपलं की कालनिर्णय जातं, म्हणून दर एक जानेवारीला नवं कालनिर्णय खिळ्याला लावायच्या आधी जुन्यावरची टाकीची तारीख ते नव्यावर उतरवत. गाईच्या व्यायच्या तारखा, शाळेची फी, कुणाची वर्षश्राद्धं आणि टाकी.

मधे काही वर्षं गोबरगॅसची लाट आली. सरकारचं अनुदान होतं, गावात घुमटाच्या टाक्या झाल्या. देहूला डॉक्टर म्हणून गेलेले सुहास मापुसकर तिथे घराघरांतले संडास गॅसच्या टाकीला जोडत होते, त्या कामासाठी त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मुंबईचे काका सांगत, माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ सालीच मैल्याच्या टाकीतला गॅस वापरात आणला होता. भाऊंना आमचा संडासही जोडायचा होता. त्या गॅसवर शिजलेला भात देवाला कसा दाखवायचा, असं आजीने विचारलं आणि तो विषय तिथेच थांबला. तिच्या हयातीत भाऊंनी तो पुन्हा काढला नाही.

आता उपशाचं सांगते. ते टाळून ही आठवण पुरी होत नाही.

पहिला उपसा १९७९ साली झाला. तालुक्याहून दोन माणसं आली, एक पन्नाशीचे, दुसरा तरुण, त्यांचा पुतण्या. परड्यात खड्डे काढून ठेवलेले होते. त्यांनी झाकण उघडलं आणि म्हाताऱ्यांनी सांगितलं, "रातभर झाकाण उघडा ऱ्हवांदे, वारो लागाक होयो." दुसऱ्या दिवशी सकाळी आत कंदील सोडला, तो विझला नाही, मग ते उतरले. बादली आणि दोरी. वर काढायचं, खड्ड्यात ओतायचं, वर माती आणि पालापाचोळा टाकायचा. दुपारपर्यंत काम झालं. तळाला वीतभर गाळ भाऊंनी ठेवायला सांगितला, विरजण म्हणून. चहा आजीने करवंटीत दिला, लांबून ओतून. आम्ही मुलं ते बघत होतो आणि आम्हाला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. हे लिहिताना हात थांबतो. पण ते तसंच झालं. १९८२ ला आणि १९८५ लाही तीच दोन माणसं आली. १९८५ ला आईने चहा घरातल्या कपातून दिला आणि ते कप स्वतः घासले. आजी काही बोलली नाही.

चतुर्थीची आमच्याकडची गर्दी कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. एरवी नऊ-दहा माणसांचं घर त्या दिवसांत चाळीस माणसांचं होतं. मुंबईहून यष्टीने, लॉरीने चाकरमानी येतात, प्रत्येक खोलीत गोधड्या, ओटीवर माणसं, माजघरात माणसं. आणि नेमके ते भादव्यातले दिवस, पावसाने जमीन चिंब. शोषखड्ड्याच्या भोवतीची माती आधीच पाण्याने भरलेली असते, तिला आणखी पाणी घेता येत नाही. टाकीतून बाहेर जाणारं पाणी अडतं, आणि चाळीस माणसांच्या बादल्या आत येतच राहतात. १९८८ च्या चतुर्थीत गौरी जेवायच्या दिवशी सकाळी भांड्यातून गुडगुड आवाज आला आणि पाणी वर आलं. टाकी उपसायला तीन वर्षं झालीच होती, पण त्या उन्हाळ्यात भाऊ आजारी होते आणि शिमग्यानंतरची मोजणी राहून गेली होती.

भाऊंनी घाबरेपणा केला नाही. संडासाला कडी घातली. काका आणि मोठे चुलतभाऊ यांनी काजींच्या खालच्या अंगाला दोन चर काढले, वीत-दीड वीत रुंद, गुडघाभर खोल. झापांचे आडोसे उभे केले, पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. प्रत्येक चराशी मातीचा ढीग आणि नारळाची करवंटी. गेलेल्या माणसाने करवंटीभर माती टाकून यायचं. हे भाऊ गोपुरीत शिकले होते. पाच दिवस चाळीस माणसं त्यावर निभावली, माशी बसली नाही, गौरीचा ओवसा झाला, फुगड्या झाल्या, कुणाचंही पोट बिघडलं नाही. मुंबईच्या भावंडांना आजही त्या चतुर्थीतले मोदक आठवत नाहीत, पण करवंटीतली माती आठवते.

पण अनंत चतुर्दशी झाल्यावर टाकी उपसावीच लागली. तीच माणसं आली. झाकण रात्रभर उघडं ठेवलं, सकाळी कंदील सोडला, तो जळत राहिला. पुतण्या उतरला. म्हाताऱ्यांनी त्याच्या काखेतून दोरी घेतलेली होती. त्याने तळाचा गाळ ढवळून पहिली बादली भरली, दुसरी भरली, आणि तिसरीला दोरी सैल झाली. खालून आवाज आला नाही. म्हाताऱ्यांनी दोरी ओढत हाक मारली, काका आणि माझे दोन भाऊ धावले, चौघांनी ओढून त्याला वर घेतलं. ओठ निळे पडले होते. त्याला माडाखाली उताणा निजवला, तोंड पुसलं, छाती दाबली. थोड्या वेळाने त्याने श्वास घेतला.

पाणी आणा, असं कुणीतरी ओरडलं. पाणी आजीने आणलं, तिच्या पूजेच्या तांब्यातून. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. तो तांब्या पुढे घासून पुन्हा देवघरातल्या फडताळात गेला, आणि आजी गेली तोवर तिथेच होता.

जीप मिळवून त्याला दवाखान्यात नेलं. तो जगला. भाऊ चार दिवस रोज जाऊन बसत. तिथल्या डॉक्टरांकडून त्यांना कळलं की गाळ ढवळला की आत दबलेला विषारी वायू एकदम सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं, हवा साफ झाली. कंदील या वायूची खूण देत नाही. उलट ज्वालाग्राही वायू साठलेला असेल तर कंदिलानेच भडका उडतो. म्हणजे नऊ वर्षं आम्ही ज्या कंदिलावर विश्वास ठेवला त्याला काहीच अर्थ नव्हता. त्या माणसांचं नशीब बरं म्हणून आमच्या परड्यात मरण घडलं नाही.

दवाखान्यात भाऊंनी त्या दोघांना त्यांची नावं विचारली. चौथ्यांदा ते आमच्या घरी आले होते, आणि तोवर घरात त्यांना त्यांच्या जातीच्या नावाने ओळखत. भाऊंसारख्या माणसाच्याही घरात. नंतर भाऊ ती नावं घेऊन बोलत, आणि दर दिवाळीला त्यांच्या घरी जाऊन येत. ती नावं आम्हा अकराही भावंडांना पाठ आहेत. इथे लिहीत नाही, कारण त्यांची मुलं-नातवंडं आता वेगळ्या नोकऱ्यांत आहेत आणि त्यांनी हे मागे टाकलं आहे.

१९८९ च्या कालनिर्णयवर भाऊंनी टाकीच्या तारखेपुढे तीन शब्द वाढवले: कुणी उतरायचं नाही. दर वर्षी तारखेबरोबर तेही नव्या पानावर उतरू लागले.

उरलेला उपसा त्या वर्षी काकांनी भाड्याने आणलेल्या पंपाने केला, वरून पाणी सोडून गाळ पातळ करत. पुढे शोषणारी गाडी आमच्या भागात आली. पण आमची पाणंद अरुंद, गाडी घरापर्यंत पोचेना. भाऊंनी पुन्हा सुंभ घेतलं आणि गाडी उभी राहते तिथून टाकीपर्यंत अंतर मोजलं. एकशे वीस फूट. गाडीवाल्याकडे तेवढा पाइप आहे का हे आधी विचारायचं, आणि गडगा नवा घातला तेव्हा पाइप जाईल इतकी खिंड ठेवली. अनोळखी माणसाला ती खिंड गडगा पडल्यासारखी दिसते. उपसा शिमग्यानंतरच, कारण तेव्हा जमीन कोरडी असते. पावसाळ्यात टाकी रिकामी केली तर बाहेरचं पाणी भिंतींना आत रेटतं आणि चिऱ्याला तडे जातात. उपसून झालं की लगेच पाणी भरायचं.

गाडी मैला कुठे ओतते, हे आम्ही बरीच वर्षं विचारलं नाही. एकदा धाकट्याने विचारलं, तर गाडीवाल्याने नदीकडे हात केला. भाऊ तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले, धाकट्याला म्हणाले, "आपल्या परड्यात खड्डा आहे तोवर आपल्या परड्यातच ओतायला सांग." तेव्हापासून काजींच्या खालच्या अंगाला पाळीपाळीने खड्डे भरतो. भरलेल्या खड्ड्यावर माती लोटतो, दोन वर्षं हात लावत नाही, मग ते खत माडांना जातं. सगळ्यांकडे परडं नसतं. माझी बहीण वाईला असते. तिथली नगरपालिका घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या पाळीने स्वतःहून उपसते, टाकी भरून वाहायची वाट बघत नाही, आणि तो मैला प्रक्रिया केंद्रात नेते. सिन्नरलाही अशीच पाळी ठरवलेली आहे. बहीण फोनवर म्हणाली, "अगं, भाऊंचं कालनिर्णय आता नगरपालिकेने भिंतीवर लावलंय." तिचा आवाज भरून आला होता.

२०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. तरीही टाकीत माणसं मेल्याच्या बातम्या येत राहतात, आणि बातमीत बहुतेकदा एक जण उतरतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. मी प्रत्येक बातमी वाचते आणि मला सैल पडलेली दोरी दिसते. ज्यांच्या घरामागे टाकी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: शेवटचा उपसा कधी झाला ते आज घरात विचारा. उत्तर देता येणारं माणूस घरात नसेल, तर या उन्हाळ्यात गाडी बोलवा. टाकी तुंबते तेव्हा घाई होते, आणि कुणाला तरी आत उतरवलं जातं ते त्या घाईतच.

भाऊ जाऊन पुष्कळ वर्षं झाली. कोकण रेल्वे आल्यापासून चतुर्थीला माणसं आणखी वाढली, म्हणून धाकट्याने दुसरा शोषखड्डा काढला. त्यासाठी विहिरीपासून सुंभ त्यानेच धरलं, दुसरं टोक त्याच्या मुलाने. जुन्या झाकणाला तडा गेला तेव्हा त्याने नवी लादी घातली, पण १९७६ ची तारीख असलेला तुकडा कापून तिच्यातच बसवला. गावचं घर आता धाकट्याची सून बघते. यंदा चतुर्थीला गेले तेव्हा माजघरातल्या कालनिर्णयचं मार्चचं पान उलटून पाहिलं. चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: टाकी. गाडीला सांगणे. पाइप १२० फूट. कुणी उतरायचं नाही. अक्षर सुनेचं होतं.